कृषी सखींच्या प्रशिक्षणात मेंदूविज्ञानातलं नेमकं काय कामाचं?

ताई_दारव्हा

नमस्कार मंडळी. दारव्हा-दिग्रस भागातल्या कृषी सखींना (गावातल्या शेतकऱ्यांना शेतीची माहिती देणाऱ्या बायांना) कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं निरीक्षण शिकवायचं काम माझ्याकडे आहे. एका बैठकीला पंचवीस-तीस जणी, वेळ तीन तास. कामगंध सापळा (बोंडअळीचे नर पतंग वासानं ओढून पकडणारा), डोमकळी (आत अळी असलेलं, पाकळ्या न उमललेलं फूल), बोंड फोडून पाहणं, नुकसानीची पातळी (किती कीड दिसली की फवारायचं तो आकडा), निंबोळी अर्क, फवारणीतली काळजी, सगळं त्यातच उरकावं लागतं. बैठकीत साऱ्या माना हलवतात, शेवटच्या चाचणीत गुणही बरे पडतात. वावरात मात्र सापळे लागतात आणि पतंग कोणी मोजत नाही. हल्ली 'मेंदू-आधारित प्रशिक्षण' म्हणून वर्ग निघालेत, त्यात डावा मेंदू-उजवा मेंदू, पाहून शिकणारे-ऐकून शिकणारे असं सांगतात. यात खरं किती? आणि माझ्या तीन तासांत बदलू काय?

वऱ्हाडी_मास्तर

ताई, डावा-उजवा आधी सोडून द्या. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पट्टा कापलेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी काम केलं, त्यासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. अमुक माणूस डाव्या मेंदूचा, असं त्या कामातून निघत नाही. पाहून-ऐकून शिकणाऱ्यांचंही तसंच. आवड वेगवेगळी असते, पण आवडीनुसार शिकवलं की जास्त टिकतं याला भक्कम पुरावा नाही. डोमकळी सगळ्यांनी पाहूनच शिकायची, कारण ती ओळखायची असते नजरेनं.

खरी अडचण तुमच्या यादीत आहे. नव्या गोष्टी एका वेळी डोक्यात धरता येतात त्या साधारण चार (नेल्सन कोवन, २००१). तुम्ही सहा विषय देता आणि वर आकडे: एकरी २ सापळे, दर सापळ्यात रात्रीला ८ पतंग, तेही सलग ३ रात्री आले तर धोका, २० हिरवी बोंडं फोडायची, त्यात २ किडकी निघाली तर १० टक्के. हे आकडे एकमेकांत मिसळतात आणि पंधरा दिवसांनी कोणी '२० पतंग, ८ बोंडं' सांगते. म्हणून पहिल्या बैठकीत एकच काम घ्या: सापळा लावणं आणि पतंग मोजणं. पेरणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास सापळे लागतात, त्याच्या आठवडाभर आधी ही बैठक हवी. बोंड फोडणं पऱ्हाटीला बोंडं धरल्यावर, वावरातच.

दुसरं, चाचणी. त्याच दुपारी घेतलेली चाचणी फसवते. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या दोन गटांना उतारा दिला. एका गटानं तो पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. ५ मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे आठवण्याची धडपड हेच शिकणं. विहिरीतून पाणी उपसत राहिलं की झरे मोकळे होतात, तसं.

बैठकीत ते असं करा. २० मिनिटं दाखवा. मग कागद पालथे, फळा पुसलेला, आणि जोडीतली एक दुसरीला सगळं सांगते. तुम्ही गप्प. हे गप्प राहणं फार जड जातं, दहा सेकंदांत आपणच उत्तर सांगून टाकतो आणि आठवण्याची मेहनत तिथेच संपते. 'समजलं का?' विचारूच नका, त्याला एका सुरात 'हो' येतं. पर्यायी उत्तरांचे प्रश्नही नकोत, त्यात उत्तर समोरच असतं, फक्त ओळखायचं उरतं. नंतर तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा.

पऱ्हाटीवाला

मास्तरांचं बरोबर, पण ते लक्षात राहण्याचं झालं. पतंग न मोजणाऱ्या बऱ्याच जणींना आकडा पाठ असतो. सकाळी वावरात गेलं की निंदण, डवरणी, मजूर, मोजायचं राहूनच जातं.

इथे पीटर गोल्वित्झर यांची 'जर-तर' योजना कामाची आहे (१९९९). 'मी रोज पतंग मोजीन' हा नुसता संकल्प. 'वावरात पाण्याची कॅन ठेवली की आधी सापळ्याकडे जाईन' ही योजना. खूण अगोदरच्या सवयीतली आणि रोज घडणारी हवी. 'वेळ मिळाला की' ही खूण नव्हे. प्रत्येकीनं आपलं वाक्य स्वतः बनवून मोठ्यानं म्हणायचं, तुम्ही बनवून देऊ नका. दोनपैकी एक सापळा जाण्यायेण्याच्या वाटेजवळ ठेवा, पण धुऱ्यावर नको, पिकात. त्याच्याच काठीला प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड आणि पेन्सिल. मोजून झालं की सापळा रिकामा करायचाच, नाहीतर कालचे पतंग आजच्यात धरले जातात आणि नसलेल्या धोक्यासाठी फवारणी होते.

'२१ दिवसांत सवय लागते' असं सांगू नका. लंडनच्या २०१० च्या अभ्यासात मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. महिनाभरात जमलं नाही की बाई स्वतःलाच आळशी समजून सोडून देते.

शून्याचं बघा. मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी नुसत्या बक्षिसाला प्रतिसाद देत नाहीत, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी याला देतात, हे वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून कळलं. पतंग शोधायला गेलं आणि चार दिवस शून्यच, तर मोजणं फुकट वाटू लागतं. म्हणून मोजण्याआधी अंदाज लिहायला लावा, आणि शून्यापुढे वाचलेल्या फवारणीचा औषध-मजुरीचा खर्च लिहा. मोजण्यातून काय हाती आलं ते तिला दिसतं. फक्त लूर (सापळ्यातली वासाची गोळी) जुनी झाली तरी शून्यच येतं, म्हणून बदलायची तारीख कार्डाच्या माथ्यावर.

आरोग्य_समन्वयक

डोपामिनचं जरा जपून, भाऊ. माकडांच्या पेशींपासून आपल्या बैठकीपर्यंतचं अंतर मोठं आहे. अंदाज लिहायला लावणं चांगलंच, पण वर सांगितलेलं बहुतेक वागणुकीच्या प्रयोगांतून आलंय, मेंदूच्या चित्रांतून नाही. 'मेंदू' शब्द लावला की सल्ला जास्त खरा होत नाही.

मला भीतीबद्दल सांगायचंय. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून प्रशिक्षणात ते फोटो दाखवतात. ताण हाताबाहेरचा वाटला की विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग ढिला पडतो. नुसती भीती घातली तर माणूस विषय टाळतो, 'आपल्याला नाही होत' म्हणतो. भीती एका वाक्यात, मग लगेच हातानं करायचं काम: मास्क बांधणं, मोजे घालणं, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहणं. तिथंच करून घ्या.

चूक दाखवतानाही सांभाळा. क्लुगर आणि डेनिसी यांच्या १९९६ च्या आढाव्यात अभिप्रायानंतर तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळा काम उलट बिघडलं होतं, विशेषतः लक्ष कामावरून माणसावर गेलं की. 'तुम्ही नेहमी विसरता' ऐवजी 'सापळा पिकाच्या खाली गेलाय, शेंड्याच्या वर फूटभर घ्या'. एका वेळी एकच दुरुस्ती. कास्तकारांसमोर नको, सासूसमोर तर नकोच.

ताई_दारव्हा

खूप आभार. दोन अडचणी. बायका सकाळपासून निंदणाला असतात, दुपारी येतात तेव्हा डोळे मिटतात. आणि एकापेक्षा जास्त फेऱ्यांचा प्रवासखर्च मंजूर नाही.

वऱ्हाडी_मास्तर

मग फेऱ्या तुम्ही करू नका. तीन तासांतले दीड तास बैठकीला ठेवा, उरलेले दोन भाग गटाच्या महिन्याच्या सभांना जोडा, तिथे पाऊण तास पुरतो. थकलेल्या माणसाला बसवून ऐकवू नका, आल्याबरोबर वावरात न्या. शिकलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून पहिला प्रश्न दुसऱ्या सकाळी जाऊ द्या. फोनवर आवाजाचा संदेश, माहिती एक ओळही नाही, फक्त प्रश्न, आणि सापळे लागल्यावर तो असा: 'काल रात्रीचे पतंग किती? सापळा रिकामा केला का?' गटावर टाकू नका, तिथे पहिलीचं उत्तर बाकीच्या उचलतात. प्रत्येकीला वेगळा पाठवा. उत्तर आलं नाही तर ओरडू नका, दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. तीन दिवस काहीच आलं नाही तर तिच्या 'जर-तर' वाक्यातली खूणच चुकली असं धरा आणि दुसरी शोधायला सांगा.