बिली जोएलचा पहिला एलपी: आवाज इतका पातळ का? मशीन पळतंय काय?

रंकाळ्याचा_वारा
मंडळी, एक शंका आहे, जाणकारांनी जरा बघा. काका ७० च्या दशकात अमेरिकेत होते, तेव्हाचा त्यांचा रेकॉर्डचा गठ्ठा सध्या माझ्याकडं आलाय. त्यात बिली जोएल ह्या अमेरिकन पियानोवाल्या गायकाचा 'कोल्ड स्प्रिंग हार्बर' निघाला, १९७१ चा, त्याचा पहिला सोलो अल्बम. मी आपला त्याच्या 'पियानो मॅन' गाण्यातला आवाज डोक्यात ठेवून सुई टेकवली तर हे कोण पोरगं गातंय कळेचना. आवाज पातळ, कुठंतरी गाडी चुकायलीय असली घाई, आणि पियानोपण टणटण. कीबोर्ड काढून सूर धरायला बसलो तर गाणं दोन पट्ट्यांच्या मधेच अडकलेलं, ना इकडं ना तिकडं. फोनवर तेच गाणं लावलं तर आवाज भरीव आणि सुरात बरोबर बसतंय. एका मेकॅनिकला दाखवलं, तो म्हणतोय मोटर बदला. बाकीच्या रेकॉर्ड मला तरी ठीक वाटतायत. पैसे घालू काय मोटरवर?

पेटीवाला
थांब भावा, मोटरला हात लावू नको. तुझं मशीन बरोबर आहे, अल्बमच पळतोय. ह्या एलपीची गोष्टच तशी आहे. मास्टरिंगच्या वेळी, म्हणजे छापायची शेवटची प्रत तयार करताना, टेप चुकीच्या स्पीडनं चालली आणि तसाच अख्खा अल्बम छापून दुकानात गेला, म्हणजे गाणी मूळ रेकॉर्डिंगपेक्षा जलद आणि सूर वर. पोरगं २२ वर्षांचं, आधीचे दोन बँड बुडालेले, स्वतः लिहिलेली दहा गाणी, आणि बाहेर आलं ते हे असलं. चिडला नसता तर नवल. प्रोड्युसर आर्टी रिप, कंपनीपण त्याचीच, आणि कॉन्ट्रॅक्ट असं बांधलेलं की त्यातनं सुटायला बिलीला लॉस एंजेलिस गाठून बिल मार्टिन ह्या नावानं बारमधे पियानो वाजवत दिवस काढायला लागले. 'पियानो मॅन' गाणं त्या बारवरच आहे. म्हणजे बघ, हा अल्बम नीट निघाला असता तर कदाचित ते गाणंच झालं नसतं. विषय हार्ड आहे.

शाहूपुरी३३
गोष्ट खरी आहे, पण मशीनची खात्री करूनच घ्या, दोन्ही एकदम बिघडलेलं असू शकतं की. सोपी ट्रिक सांगतो, पैसा लागत नाही. रेकॉर्डच्या कडेला कागदाचा बारका तुकडा चिकटवा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून फेरे मोजा. एलपीचा स्पीड मिनिटाला ३३⅓ फेरे, तो बरोबर असेल तर तीन मिनिटांत १०० फेरे व्हायला पाहिजेत. मोजताना सुई टेकवलेली ठेवा, तिचं ओझं धरून स्पीड कळतो.
स्ट्रोब डिस्क (स्पीड तपासायची रेघांची चकती, स्पीड बरोबर असला की रेघा थांबल्यासारख्या दिसतात) असली तर अजून झकास, पण आपल्याकडं ५० हर्ट्झची वीज आहे, त्यामुळं १८० रेघांची रिंग बघायची. २१६ वाली ६० हर्ट्झसाठी असते, अमेरिकेतनं आलेल्या डिस्कवर बऱ्याचदा तेवढीच असते आणि माणूस उगाच घाबरतो. आणि उजेड जुन्या चोकच्या ट्यूबलाईटचा किंवा साध्या बल्बचा घ्या, एलईडीखाली बऱ्याचदा काहीच कळत नाही.
मशीनपण काकांनी तिकडनंच आणलं असेल तर अजून एक. तिकडची सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या हर्ट्झवर स्पीड ठरणारी, आपल्या विजेवर हळू फिरते, जलद नाही. म्हणजे तुमच्या तक्रारीच्या बरोबर उलटं.

रंकाळ्याचा_वारा
मशीन इथलंच आहे दादा. फेरे मोजले, शंभरला अगदी लागून आले. वाचलो. मग सरळ प्रश्न, फोनवर जे आहे तेच खरं धरायचं काय? एलपी भिंतीवर लावू?

तांबडा_आधी_मग_पांढरा
भिंतीवर लावायची घाई करू नको मर्दा. फोनवरचं ते १९८३ चं रीमिक्स आहे, म्हणजे जुन्या टेपवरनं परत जुळवलेलं. बिली तोवर कोलंबिया ह्या रेकॉर्ड कंपनीचा मोठा स्टार झालेला, मग हा अल्बम परत काढला. स्पीड सुधारला हे खरं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. रीमिक्स केलं परत रिपनंच, बिलीला न घेता. 'यू कॅन मेक मी फ्री'च्या शेवटी बँड नुसता सुटलाय बघ, तो जवळजवळ तीन मिनिटांचा तुकडा उडवला. 'टुमॉरो इज टुडे'मधला ऑर्केस्ट्रा छाटला. काही गाण्यांत तर ड्रम्स वगैरे नव्यानं वाजवून घेतले. आता मला सांग, १९७१ चा अल्बम म्हणून १९८३ चे ड्रम्स ऐकायचे? माझ्या मते तुझ्याकडची रेकॉर्ड जास्त खरी आहे, फक्त पळतीय.

पेटीवाला
हे पटतंय, पण सुराचं काय? मी पेटीवर बसणारा माणूस, मला अर्ध्या सुराची गडबडपण टोचती. पट्टी नुसती वर गेली असती तर काय नाही, गवई रोज पट्टी बदलतात. इथं गळ्याचा पोतच बदलतो, श्वास आखूड होतो, शब्द एकमेकांवर चढतात. 'शीज गॉट अ वे'सारखं निवांत गाणं तसं ऐकवत नाही. त्याचं १९८१ च्या 'साँग्ज इन द अ‍ॅटिक'मधलं लाइव्ह ऐक, तो जाणता गळा आहे. पुढं तेच सिंगल म्हणून निघालं आणि चाललं. दहा वर्षं गाणं बिचारं तसंच पडून होतं.

शाहूपुरी३३
भांडू नका, मधला रस्ता आहे. मशीनला पिच स्लायडर (स्पीड थोडा कमीजास्त करायची पट्टी) असेल तर कीबोर्ड शेजारी ठेवा आणि पियानो सुरात बसेपर्यंत हळू करत या. अर्धा सूर म्हणजे साधारण ६ टक्के, त्याच्या आतच काम होईल. 'नॉक्टर्न'वर लावा, त्यात गाणं नाही, नुसता पियानो, त्यामुळं सूर लगेच सापडतो. एकदा जमलं की स्लायडर तिथंच ठेवून पहिल्या गाण्यापासून ऐका. शेवटचा बँडचा तुकडापण मिळतो, ऑर्केस्ट्रापण मिळतो आणि आवाजपण माणसाचा.

रंकाळ्याचा_वारा
स्लायडर नाही हो माझ्याला. कंप्युटरवर घेऊन करता येईल काय?

शाहूपुरी३३
येतंय की. रेकॉर्ड करून घ्या आणि ऑडॅसिटी ह्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधे स्पीड कमी करा. नीट बघा, चेंज स्पीड घ्यायचं, चेंज पिच नाही. नुसता पिच उतरवला तर आवाज खाली येईल पण गाण्याची घाई तशीच राहील.

तांबडा_आधी_मग_पांढरा
झालं की सांग, मी राजारामपुरीतच आहे, ऐकायला येतो. ते तीन मिनिटं मोठ्या स्पीकरवर पाहिजेत. भडंग मी आणतो, चहाचं तू बघ.