तरंगमबाडीचे डॅनिश कास: राजा कसा ओळखावा, शिसं कसं जपावं?

प्रश्न: तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतलं (१६२०–१८४५) तांब्याचं छोटं नाणं. एकीकडे मुकुटाखाली गुंफलेली अक्षरं, मागे रोमन चार. राजा कोणता? आणि जुन्या शिशाच्या कासांवर (कास म्हणजे तिथलं छोट्या किमतीचं नाणं) पांढरी पूड का धरते?

उत्तर १: क्रिस्टियानच्या ‘सी’च्या (C) पोटात ७ असेल तर सातवा क्रिस्टियान, १७६६–१८०८. झिजलेल्या नाण्यावर आकडा दिसत नसेल तर तिरक्या उजेडात धरा, कडा उठून दिसतात. रोमन चार म्हणजे ४ कास. ८० कासांचा १ रॉयलिन, ८ रॉयलिनांचा रुपया. म्हणजे रुपयाला ६४० कास! बाजारातल्या सुट्ट्या पैशांसाठीच ही नाणी.

उत्तर २: पूड म्हणजे शिशाचा कार्बोनेट. लाकडी कपाट, प्लायवूड, पुठ्ठा यांतून सुटणारी आम्लाची वाफ शिसं खाते. चिंच, व्हिनेगर अजिबात लावू नका. नखाने खरवडलंत तर मुद्राच निघून येईल. पूड विषारी आहे, हातमोजे घाला. नाणं पॉलिस्टरच्या पाकिटात, सिलिका जेलसह धातूच्या डब्यात ठेवा. पीव्हीसीची पाकिटं तांब्यालाही नकोत, हिरवा चिकट थर येतो.

प्रश्नकर्ता: ७ सापडला! शिशाची नाणी आजच सागवानी खणातून काढतो.