यवतमाळात चाकू चालतात ते कोणामुळे?

जुना यवतमाळकर
ज्या गावात उन्हाळ्यात आम्ही अंगणात बाजा टाकून निर्धास्त झोपत होतो, तिथे आता रात्री नऊनंतर बसस्थानकाकडे पायी जायला मन धजत नाही. चाकूहल्ले, कट्टे, तलवारीने केक कापणारी पोरे हे सगळे शहर वाढल्यावर, बाहेरून आलेल्या लोकांबरोबर आले. हे उघड बोलायला कोणी तयार नाही, म्हणून मी बोलतो.

दारव्ह्याचा वकील
काका, तुमच्या भीतीशी माझा वाद नाही, पण खापर बाहेरच्यांवर फोडून मोकळे होणे मला मान्य नाही. मी जी दोषारोपपत्रे वाचतो त्यांत आरोपी आणि मयत बहुधा एकाच मोहल्ल्यातले असतात आणि कालपर्यंत एकाच ठेल्यावर खर्रा घोटून घेणारे असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतही खुनाच्या कारणांमध्ये आपसांतले वाद आणि वैयक्तिक वैमनस्य वर असतात, लाभासाठी झालेले खून त्यांच्या खाली येतात.

वाढीचेही जरा तपासून बोलावे. २०११ च्या जनगणनेत नगरपालिकेच्या हद्दीत सव्वा लाखाच्या आतच लोक होते; नंतर वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा हद्दीत आले. लोहाऱ्यातली जी मारामारी पूर्वी खेड्यातली म्हणून सोडून दिली जात होती, तीच आज शहराच्या नावावर चढते. लाखामागे किती गुन्हे हे काढायचे तर लोकसंख्येचा अंदाजच धरावा लागतो. खुनाचा आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा, कारण प्रेत सहसा लपत नाही. चाकूहल्ल्याचे तसे नाही. एकच वार ठाण्यातल्या लेखणीप्रमाणे जुन्या दंड संहितेच्या ३०७ मध्ये (खुनाचा प्रयत्न) बसतो किंवा ३२४ मध्ये (घातक हत्याराने दुखापत), म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेच्या हिशेबाने १०९ मध्ये किंवा ११८ मध्ये. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालानंतर दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद बंधनकारक झाली, तेव्हा कागदावर दिसणारी काही वाढ ही नोंदीचीही असू शकते.

घाटंजीची शिक्षिका
वकीलसाहेब, कलमे तुम्ही छान सांगितलीत, पण ज्या ठेल्याचा उल्लेख केला त्याच्या शेजारचे दुकान मात्र टाळलेत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, आणि आमच्या जिल्ह्यातल्या बायांनी मोर्चे काढून काढून चपला झिजवल्या तरी सरकारला महसूलच प्यारा. आधी दारू बंद करा, मग चाकू मोजा.

वणीकर
ताई, बंदीचे गोडवे आम्हाला ऐकवू नका. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून बंदी होती आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. त्या सहा वर्षांत वर्धा नदीच्या अलीकडे आम्ही काय पाहिले ते आम्हालाच ठाऊक. शिकणारी पोरे रात्री दुचाकीच्या डिकीत आणि पाठीवरच्या दप्तरात बाटल्या भरून पूल ओलांडत होती. एका फेरीत बापाच्या रोजीपेक्षा जास्त पैसा सुटत असेल, तर पोरगा कशाला शिकेल? बंदी उठल्यावर त्यांतले काही रेतीकडे वळले, काही प्लॉटच्या दलालीकडे. मारामाऱ्या वाढल्या त्या या पैशातून: रेतीघाट कोणाचा, अकृषक लेआउटमधला कोपऱ्याचा प्लॉट कोणाचा, व्याजाने दिलेले पैसे कोण वसूल करणार. अवैध सावकारीविरुद्ध २०१४ चा कायदा आहे, पण वसुलीला कागद जात नाही, चार पोरे जातात.

घाटंजीची शिक्षिका
म्हणजे बंदी नीट राबवली नाही याचा दोष बंदीचा! या न्यायाने चोरी थांबत नाही म्हणून चोरीचा कायदाही रद्द करावा. माझ्या वर्गातली एक मुलगी सोमवारी नेहमी उशिरा येत असे. रविवार हा आठवडी बाजाराचा दिवस, बापाच्या हाती चुकारा पडे आणि रात्री आईला मार बसे. सकाळी धाकट्यांचे डबे तिलाच करावे लागत. ती बाई कधीही ठाण्यात गेली नाही. तुमच्या खुनाच्या नि चाकूच्या कोणत्या आकड्यात ती आहे? शहरातल्या पोरांची हिंसा पुरुषांना दिसते, कारण ती चौकात होते.

वणीकर
ती बाई आकड्यात नाही, हे मान्य. पण बंदी असती तर तिच्या नवऱ्याने तीच दारू दुप्पट भावाने घेतली असती आणि धाकट्यांचा डबाही गेला असता.

जुना यवतमाळकर
मी चाकूंबद्दल लिहिले होते आणि तुम्ही दोघे दारूचे दुकान मांडून बसलात! आकडे तुमच्याजवळच ठेवा. माझ्या भाच्याला वाढदिवसाच्या गर्दीत ‘माझ्याकडे काय पाहतो’ एवढ्यावरून पोटात चाकू मारला. चाकू ऑनलाइन मागवलेला, पार्सल घरपोच आलेले. मारणारा सतरा वर्षांचा, म्हणून तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ठरला आणि भाच्याच्या आधी घरी पोहोचला. आता सांगा, यातली नोंदीची वाढ कोणती?

दारव्ह्याचा वकील
तो पोरगा बाहेरचा होता का, तेवढे तुम्ही लिहिले नाहीत.

जुना यवतमाळकर
आमच्याच वाघापुरातला. बरे, बाहेरच्यांचे राहू द्या, तुमचे समाधान झाले असेल. पण तुमच्या कायद्यात पोटात चाकू खुपसणे ही पोरखेळाची बाब आहे काय?

दारव्ह्याचा वकील
२०१५ च्या बालन्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवण्याचा मार्ग फक्त निर्घृण गुन्ह्यांपुरता आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा ठरलेली नाही तो त्या वर्गात मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. खुनाच्या प्रयत्नाला कमाल शिक्षा जबर असली तरी तशी किमान शिक्षा ठरलेली नाही. म्हणजे भाचा वाचला, म्हणूनच तो पोरगा बालक राहिला. हे तुम्हाला रुचणार नाही. मलाही पूर्ण रुचत नाही. कलम कोणते लावले होते?

जुना यवतमाळकर
११८. ‘जखम साधी’ असे म्हणाले. चौदा टाके साधे!

दारव्ह्याचा वकील
१०९ साठी जखम किती खोल हा एकमेव निकष नाही, हेतू पाहिला जातो. हत्यार कोणते आणि वार शरीराच्या कोणत्या भागावर केला, यावरून तो ठरतो. शस्त्रक्रियेचे कागद आणि भाच्याचा जबाब घेऊन तपासी अंमलदाराकडे कलम वाढवण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. अंतिम अहवाल बाल न्याय मंडळापुढे जाण्याआधी हे व्हायला हवे.

घाटंजीची शिक्षिका
आणि त्या वाढदिवसाला केकबरोबर आणखी काय उघडले होते, तेही अर्जात लिहा म्हणावे.

जुना यवतमाळकर
लिहितो, ताई. वकीलसाहेब, अर्जाचा मसुदा तुम्हीच करून द्या. नाहीतर माझा अर्जही ते ‘साधा’ म्हणून ठेवून घेतील.