शब्दचर्चा: ‘बायकी कपडे’, ‘बायकांचे कपडे’ की आणखी काही?

शनिपार:
डायपर वापरणाऱ्या प्रौढ पुरुषांसाठीची एक पुस्तिका मराठीत करायची आहे. तिचे वाचक दोन तऱ्हेचे. एक, प्रोस्टेटचं ऑपरेशन, पक्षाघात, मणक्याची इजा अशा कारणांनी लघवीवर ताबा न राहिलेले. दुसरे, दुखणं काही नसताना आपल्या आवडीने डायपर घालणारे प्रौढ. एक प्रकरण कपड्यांवर आहे: डायपरवर गाऊन, परकर, स्कर्ट, लेस लावलेली निकर असं काही घालण्याबद्दल या पुरुषांना काय वाटतं. मसुद्यात ‘बायकी कपडे’ आहे. तपासनिसांनी ते खोडून ‘स्त्रैण वेशभूषा’ केलंय. त्यांच्या मते ‘बायकी’ ही शिवी. माझ्या मते शिवी ‘बायल्या’ ही आहे, ‘बायकी’ नुसतं वर्णन. जाणकारांनी सांगावं.

पाटीपेन्सिल:
‘स्त्रैण’ने काहीच सुधारत नाही. संस्कृतात त्याचा साधा अर्थ ‘स्त्रियांचं, स्त्रीसंबंधी’, पण ‘बायकोच्या मुठीतला’ असाही अर्थ तिथूनच आला. मराठीत तो शब्द माणसाच्या स्वभावाला लावतात, कापडाला नाही. आणि ‘वेशभूषा’ नाटकात असते, नाहीतर शाळेच्या स्पर्धेत. घरात रोज अंगात असतं त्याला कुणी वेशभूषा म्हणत नाही.

‘बायकी’बद्दल मात्र तपासनिसांचं अर्धं बरोबर आहे. ‘बायकी आवाज’, ‘बायकी चालणं’ हे बाईबद्दल आपण कधीच म्हणत नाही, पुरुषाबद्दलच म्हणतो. म्हणजे शब्दातच ‘हे तुला शोभत नाही’ असा सूर आहे. ‘पुरुषी’चंही तेच. बाईच्या वागण्याला ‘पुरुषी’ म्हटलं की टीकाच ऐकू येते.

रात्रपाळी:
या शब्दापायी रोजचं काम अडतं, म्हणून सविस्तर लिहिते.

अंथरुणावर असलेल्या पुरुषाचा टेपवाला डायपर बदलायची रीत अशी. एका कुशीवर वळवायचं, जुना डायपर आतल्या बाजूला गुंडाळत पाठीशी न्यायचा, त्वचा पुसून पूर्ण कोरडी करायची. नवा डायपर लांबीत मधोमध दुमडून होडीसारखा करून घ्यायचा, म्हणजे आतल्या दोन्ही पट्ट्या उभ्या राहतात. तो अर्धा अंगाखाली सारायचा आणि दुसऱ्या कुशीवर वळवून ओढून घ्यायचा. उताणं केल्यावर लिंग पायांच्या दिशेने खाली ठेवायचं. ते वर राहिलं तर धार पोटाकडे जाते, कंबर आणि चादर भिजते आणि पॅड खालून कोरडंच राहतं. घरची माणसं मग डायपरला दोष देतात. टेप लावताना खालचे दोन आधी, किंचित वरच्या दिशेने. वरचे दोन नंतर, किंचित खालच्या दिशेने. कमरेत दोन बोटं सहज जायला हवीत.

आता यात पायजमा आला की तो काढायला आणि चढवायला कंबर निराळी उचलावी लागते. नाडी ओली होते, गाठ बसते, ओढाताणीत त्वचा खरवडते. गाऊन असेल तर नुसता वर सारला की झालं. तरी दहातले कितीतरी पुरुष गाऊन नको म्हणतात, कारण तो ‘बायकी’. म्हणून पुस्तिकेत हा शब्दच नको. ‘समोरून उघडणारा लांब झब्बा’ लिहा. कापड तेच, शिवण तीच, आणि माणूस हो म्हणतो.

मुठाकाठ:
ताई, ‘झब्बा’ तुम्ही अगदी नेमका उचललात! तो अरबी ‘जुब्बा’पासून आला. तोच जुब्बा पश्चिमेकडे गेला आणि फ्रेंचमध्ये ‘झ्यूप’ झाला. तिथे आधी पुरुषांचाही अंगरखा होता, पुढे सरकत सरकत बायकांचा स्कर्ट झाला. एकाच शब्दाचं एक टोक पुण्यात आजोबांच्या अंगात आहे आणि दुसरं पॅरिसमधल्या बाईच्या कमरेला. कपडा बायकी की पुरुषी हे कापडात नसतं, याला आणखी पुरावा कशाला? मला तर ‘झबलं’ही त्याच घरातलं वाटतं.

पाटीपेन्सिल:
‘झबलं’ वाटून चालत नाही, मधल्या पायऱ्या दाखवा. जुब्बा ते झब्बा मान्य. पुढचं नुसतं ध्वनिसाम्य आहे.

टाकाटीप:
शिवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. आमच्याकडे कपडा ‘बायकी’ होतो तो तीन-चार जागी, बाकी सगळा सारखाच.

पहिली जागा बटणपट्टी. पुरुषांच्या शर्टाला डावा पल्ला वर येतो, बायकांच्या कपड्याला उजवा. तुळशीबागेतून आणलेला गाऊन पुरुषाला घातला की बटण लावताना हात अडखळतो आणि तिथेच त्याला कळतं. दुसरी, छातीवरच्या योकखालच्या (खांद्यापासून छातीपर्यंतच्या जोडतुकड्याखालच्या) चुण्या. तिसरी, गळ्याची आणि बाहीची लेस. चौथी, फुलांचा छाप. साधं सुती कापड, डावा पल्ला वर, योकखाली चुण्यांऐवजी दोन सरळ प्लेट्स, बाजूला खिसा, एवढं केलं की तोच गाऊन पुरुषाचा होतो. बटणं समोर खालपर्यंत हवीत किंवा बाजूला बंद. आपल्याकडे बाराबंदी होतीच, बंदांचा कपडा पुरुषाला नवा नाही.

परकराबद्दल सावध करतो. डायपरवर नाडीचा परकर घालू नये. नाडी नेमकी वरच्या टेपवर बसते, चालताना टेपला खाली ओढते आणि कमरेपाशी फट पडते. घालायचाच असेल तर नाडीऐवजी दीड इंची रुंद इलॅस्टिक, तेही टेपच्या वर बसेल असं. मात्र परकर, स्कर्ट, लुंगी यांचा एक मोठा फायदा आहे: यांना आसनच, म्हणजे दोन पायांमधला जोडच, नसतो. डायपरमधले शोषक दाणे भिजले की फुगतात, त्यांना जागा लागते. घट्ट जीन्समध्ये ती मिळत नाही, दाबाने ओल कडेला सरकते आणि मांडीपाशी गळते. पँटच शिवायची तर आसन नेहमीपेक्षा दोन इंच खोल, पुढे प्लेट्स, कापड गडद आणि जरा जाड. पातळ पांढऱ्या कापडाखाली कड दिसते.

निनावी वाचक:
आवडीने डायपर घालणाऱ्यांच्या वतीने कुणीच बोललेलं नाही, म्हणून लिहितो.

या मंडळींत बायकांच्या कपड्यांवर एकमत अजिबात नाही. काहींना त्यांच्याशी काहीच घेणंदेणं नसतं. डायपर, वर सुती निकर, वर पँट, विषय संपला. यातल्या कित्येकांना चीड येते ती बाहेरचे लोक ‘डायपर घालतो म्हणजे साडीही नेसत असेल’ असं गृहीत धरतात त्याची. काही जण टाकाटीपकाकांनी सांगितलेल्या कारणासाठीच स्कर्ट किंवा गाऊन घालतात: फुगायला जागा, बदलायला सोपं, उन्हाळ्यात हवा. ‘बाईचा आहे’ हा विचारही त्यांच्या मनात नसतो. आणि काहींना तो बाईचा आहे म्हणूनच हवा असतो. लेस, मऊ कापड, फिकट जांभळा रंग, सगळं त्यांनी जाणून निवडलेलं असतं. यातले काही स्वतःला पुरुष म्हणतात, काही म्हणत नाहीत. आणि गटातलेच काही लोक या तिसऱ्यांना ‘तुमच्यामुळे आमचं नाव खराब होतं’ म्हणून नावं ठेवतात. पुस्तिकेतलं प्रकरण याच भांडणाबद्दल आहे असं दिसतं.

मग तिथे ‘लांब झब्बा’ लिहिलं तर तिसऱ्या गटाचं म्हणणंच नाहीसं होईल. त्यांना झब्बा नकोय, गाऊनच हवाय. ‘बायकी’ नको, कारण तो दुसऱ्याने मारलेला शेरा आहे. सरळ ‘बायकांचे कपडे’ लिहा. कुणाचे ते सांगितलं, कुणाला शोभतात ते सांगितलं नाही.

एक विनंती. मूळ इंग्रजीत ‘सिसी’ आलं असेल तर त्याचं ‘बायल्या’ करू नका. तो शब्द बहिणीच्या ‘सिस्टर’वरून निघून पुढे शिवी झाला. काहींनी तो स्वतःसाठी मुद्दाम उचलला आहे, काहींना अजून लागतो. ‘बायल्या’ असा कुणीही स्वतःहून उचललेला नाही.

कसबापेठ:
‘बायकांचे कपडे’ फारच रोखठोक वाटतं. आपल्याकडे ‘स्त्रीवेश’ हा चांगला रुळलेला शब्द आहे की. संगीत नाटकातले ‘स्त्रीपार्ट’ पुरुषच करत. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) साडी नेसायची पद्धत त्या काळच्या बायकांनी उचलली. तमाशात मावशी पुरुषच होतो. या प्रांताला पुरुषाच्या अंगावरची साडी परकी नाही.

निनावी वाचक:
रंगमंचावरच्या वेशाला टाळ्या मिळतात कारण तो उतरवला जातो. घरी येऊनही तोच कपडा घातला तर काय होतं ते सांगा. आणि तमाशातल्या नाच्यालाही आपण मान दिला का? ‘स्त्रीवेश’मध्ये सोंगाचा वास आहे. इथे कुणी सोंग घेतलेलं नाही.

रात्रपाळी:
निनावी, तुमचं पटलं. पण माझ्या वाचकाचं काय? प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर घरी आलेले पासष्टीचे गृहस्थ ‘बायकांचे कपडे’ हे शीर्षक पाहून पुस्तिका मिटतील. पुढचं ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामांचं पान त्यांच्या हाती लागणारच नाही, आणि त्यांना गरज त्याचीच जास्त आहे. एका पुस्तिकेला दोन शब्द लागतील.

सर्जिकलवाला:
एका ठिकाणी मात्र बायकांचं आणि पुरुषांचं हा फरक शब्दात ठेवाच. टेपवाले डायपर बहुतेक दोघांना चालतात. पण आत ठेवायचं पॅड आणि पँटवाला, म्हणजे चड्डीसारखा चढवायचा, प्रकार यांत फरक असतो. पुरुषांच्या पॅडमध्ये शोषक माल पुढे जास्त, बायकांच्यात मध्यभागी. पुरुषाने बायकांचं पॅड लावलं की पुढून गळणारच. संकोचापायी लोक घरातलं मासिक पाळीचं पॅड लावून बघतात. ते तर लघवीसाठी नसतंच. एकदम आलेली धार त्याला झेपत नाही, वरून वाहून जाते. त्यामुळे बायकांचा लेसवाला पँट-डायपर आवडतो म्हणून घेणाऱ्या पुरुषालाही सांगावं लागतं की आत पुढच्या बाजूला पुरुषांचं जोडपॅड ठेवा. आणि त्या जोडपॅडच्या पाठीला प्लास्टिक असेल तर ओल खाली उतरणार नाही, बिनप्लास्टिकचं मागा.

माप नुसतं कमरेचं सांगू नका. कंबर आणि नितंब दोन्ही मोजा, जो घेर मोठा तो धरा. मोठा साइज जास्त शोषतो ही समजूत चुकीची, सैल झाला की मांडीपाशी गळतो.

पाटीपेन्सिल:
मूळ शब्दाकडे कुणी बघितलंच नाही. ‘डायपर’ला मराठी का नको? ‘शोषवस्त्र’ करा. ‘लंगोट’ही आहे. आखाड्यातला शब्द, पुरुषाला लाज वाटायचं कारण नाही.

मुठाकाठ:
‘डायपर’ हा मुळात कापडाचा शब्द आहे. चौकटी-चौकटींचं विणकाम असलेलं पांढरं कापड, ग्रीक ‘आस्प्रोस’ म्हणजे पांढरं, तिथून लॅटिन आणि फ्रेंच करत इंग्रजीत आला. लंगोटाइतकाच तोही वस्त्राचा. हाकलायची घाई नको.

सर्जिकलवाला:
सदाशिव पेठेत कुठल्याही दुकानात ‘शोषवस्त्र’ मागून बघा. ‘टेपवाला की पँटवाला’ एवढंच विचारतील, आणि तेही ‘डायपर’ म्हटल्यावर. ‘लंगोट’ म्हटलं तर कापडाचा, मागून बांधायचा देतील. आणि तो डायपरवर बांधला तर पॅड दबून गळेल.

पाटीपेन्सिल:
शब्द दुकानातून येत नाहीत, लोक बोलायला लागले की दुकानात जातात.

शनिपार:
सगळ्यांचे आभार. तूर्त शीर्षक ‘कपडे कोणते?’ असं ठेवतो आणि आत जिथे जे आहे ते नावाने लिहितो: गाऊन, परकर, स्कर्ट. तपासनीस मानतील का माहीत नाही. त्यांनी आणखी एक शब्द अडवलाय. डायपरच्या मांडीकडच्या चुणीदार कडेला मसुद्यात ‘झालर’ म्हटलंय. तेही ‘बायकी’, म्हणून ‘कड’ करा म्हणतात.

टाकाटीप:
झालरच ठेवा. कड म्हणजे सपाट. इथे इलॅस्टिकने चुण्या पडलेल्या आहेत, झालर हाच तिचा शब्द.

रात्रपाळी:
झालरच. आणि तिच्यापुढे ठळक लिहा: डायपर लावून झाल्यावर मांडीच्या सांध्यातून बोट फिरवून बाहेरची झालर सगळीकडून बाहेर काढा. आत दुमडलेली राहिली की ओल तिच्यावरून सरळ कपड्यावर येते. कित्येक पुरुष नीटनेटकं दिसावं म्हणून ती मुद्दाम आत खोचतात आणि तिथेच गळतं. आतली उभी पट्टी निराळी, ती मात्र आतच, उभी. आणि वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून लाल ठिपका काढून द्यावा हे पुरुषांच्या पुस्तिकेतही लिहा. तो ठिपका कचरा वेचणाऱ्या बायकांना आत काय आहे ते कळावं म्हणून आहे, फक्त पाळीच्या पॅडसाठी नाही.

निनावी वाचक:
ताई, तुम्ही ‘डायपर लावून झाल्यावर’ लिहिलंत. दुसऱ्याने केलं की ‘लावतात’, स्वतः केलं की ‘घालतात’. आमच्यात कुणी ‘लावला’ म्हणत नाही. पुस्तिकाभर ‘लावणे’ आलं तर सगळे वाचक अंथरुणावरचे होतील.

सर्जिकलवाला:
तसं नाही. टेपवाला लावतात, पँटवाला घालतात. स्वतः केलं तरी.

कसबापेठ:
आणि आमच्याकडे जुन्या बायका ‘बांधणे’ म्हणतात. दुपटं बांधतात, तसाच डायपरही.

पाटीपेन्सिल:
‘बांधणे’ला गाठ लागते. टेपला गाठ कुठे आहे?