मदत हवी आहे: साबणाचं पाणी दोन्ही ग्लासांत फाटलं, पण हळदीचा रंग वेगळा का?

भाची आठवीत आहे. नागपूरच्या अपूर्व विज्ञान मेळाव्यात मनपा शाळांच्या मुलांचे साध्या साहित्यातले प्रयोग पाहून आली, तेव्हापासून घरातली आम्लं-आम्लारी तपासायचा ध्यास घेतलाय. हळदीचं पाणी कागदाला लावून वाळवलं, पट्ट्या कापल्या. चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, कपड्यांचा साबण यांत पट्टी लालसर होते. लिंबू, चिंच, संत्री यांत पिवळीच राहते. इथपर्यंत ठीक.

अडलंय ते पुढे. आमच्याकडे बेसा भागात बोअरचं पाणी. त्यात साबण घोळला की फेस येतच नाही, वर पांढरट गुठळ्या तरंगतात, दूध फाटल्यासारख्या. धंतोलीला बहिणीकडे नळाच्या पाण्यात छान फेस येतो, पण लिंबू पिळलं की तिथेही फेस बसतो आणि तसंच पांढरं वर येतं. घरात सगळे म्हणतात, म्हणजे बोअरचं पाणी आम्लधर्मी. पण बोअरच्या ग्लासात हळद लाल होते, लिंबाच्या ग्लासात पिवळी! गुठळ्या सारख्याच दिसतात, मग असं का?

दुसरं, भांड्यांच्या लिक्विडमध्ये पट्टी पिवळीच राहते. तक्त्यात ते आम्लात टाकायचं का? पोरीला "असंच असतं" म्हणून गप्प करायचं नाही, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद:
ताई, गुठळ्या दिसायला सारख्या, पण पदार्थ वेगळे. साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लाचा सोडियम क्षार. लिंबाचं आम्ल पडलं की मेदाम्ल सुटं होतं, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून वर येतं. पाणी आता आंबट, हळद पिवळी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. ते साबणातल्या सोडियमची जागा घेतात आणि न विरघळणारा साबण तयार होतो. पाणी जड, म्हणजे साबणाला फेस न येऊ देणारं आहे, आम्लधर्मी नाही. उरलेल्या साबणामुळे ते आम्लारीधर्मीच राहतं, म्हणून हळद लाल. तुमच्या भाचीच्या पट्टीने बरोबर उत्तर दिलंय, तोच प्रयोग मांडा.

लिंबाच्या ग्लासात मग चिमूट चिमूट धुण्याचा सोडा टाकायला सांगा. आधी फसफसेल, फसफस थांबल्यावर अजून थोडा टाकून ढवळला की गुठळ्या विरघळू लागतील आणि फेस परत येईल. मुलांना हे फार आवडतं.

लिक्विड आम्लात टाकू नका. हळद फक्त आम्लारी ओळखते. पिवळी राहिली म्हणजे उदासीन किंवा आम्ल, दोन्ही शक्य. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. ते पाणी आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवट होतं. लिक्विड स्वतः रंगीत असेल तर भरपूर पाणी घालून तपासा.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. आता समजावता येईल. लिंबाऐवजी संत्र्याचा रस चालेल? तिचा तोच हट्ट आहे.

प्रतिसाद:
आम्ल तेच, सायट्रिक. पण लिंबाच्या रसात ते साधारण ५ ते ६ टक्के, संत्र्यात १ टक्क्याच्या आसपास. रस बराच ओतावा लागेल आणि त्याच्या रंगात पांढऱ्या गुठळ्या नीट दिसणार नाहीत. लिंबूच घ्या, संत्री जास्वंदीच्या पाण्यासाठी ठेवा. आणि प्रयोगाच्या टेबलावर संडास धुवायचं अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर अजिबात मांडू नका. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो.