मदत हवी आहे: ईआर-अल्फा आणि सार्कची जोडी केंद्रकाबाहेर पकडायची कशी?

नमस्कार मंडळी,

बायोकेमिस्ट्रीवाले कुणी असाल तर प्लीज वाचा. पीएचडीचं दुसरं वर्ष, आणि तीन महिने एकाच ब्लॉटपाशी (अँटिबॉडीनं प्रथिनाचा पट्टा, म्हणजे बँड, दाखवणारी चाचणी) अडकलेय.

एमएस्सीत शिकलो ते असं: इस्ट्रोजेन त्याच्या रिसेप्टरला (ईआर-अल्फा) चिकटतं, रिसेप्टर केंद्रकात डीएनएवर बसतो, जनुकं सुरू होतात. त्याचा परिणाम दिसायला तास लागतात. पण एमसीएफ-७ पेशींना (स्तनाच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) १० नॅनोमोलर इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनच, दिलं की पाचव्या मिनिटाला ईआरके या संदेशवाहक प्रथिनावर फॉस्फेट चढलेलं असतं, म्हणजे ते पेटतं. अ‍ॅक्टिनोमायसिन घालून आरएनए बनणं बंद पाडलं तरी चढतं. म्हणजे हा कारभार केंद्रकाबाहेरचा. थोड्या रिसेप्टरांच्या ४४७व्या सिस्टीनला पामिटिक आम्लाची शेपटी लागते, तिच्या आधारानं ते पेशीपटलापाशी कॅव्हिओलिन या तिथल्या प्रथिनाशेजारी टेकतात. इस्ट्रोजेन आलं की सार्क (दक्षिण आशियाई देशांचं नव्हे, कायनेज, म्हणजे फॉस्फेट चढवणारं एन्झाइम!) तिथे येऊन जोडलं जातं. इथवर वाचून कळलं.

सर म्हणतात, "वाचलंस ते ठीक, मला जोडी दाखव." म्हणून को-आयपी, म्हणजे एक प्रथिन ओढून त्याला चिकटलेलं दुसरं शोधायचं. ईआर-अल्फाच्या अँटिबॉडीनं ओढायचं, सार्कसाठी ब्लॉट करायचा. पहिल्याच खेपेला ६० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) जरा खाली ठसठशीत बँड! पेढे वाटायचेच बाकी होते. मग शेजारच्या साध्या आयजीजीच्या (ईआर-अल्फाला न ओळखणारी कंट्रोल अँटिबॉडी) लेनकडे लक्ष गेलं. तिथेही तोच बँड, तेवढाच जाड. अँटिबॉडीचीच हेवी चेन (तिचा मोठा तुकडा), ५० किलोडाल्टनची. सार्क ६०, ईआर-अल्फा ६६. सगळे एकाच गल्लीत राहतात.

दुसरी कटकट म्हणजे काहीही न दिलेल्या कंट्रोललाही ईआरके पेटलेलंच. रात्रभर सीरम काढून ठेवते, तरी. लायसिसला (पेशी फोडायला) रिपा बफर, कारण तोच तयार असतो.

जुनी_पिपेट: मीडियाचा रंग कोणता?

मी: गुलाबी, नेहमीचाच. का हो दादा?

जुनी_पिपेट: अगं, तो फिनॉल रेड. त्याच्यामुळे पेशींना इस्ट्रोजेन मिळाल्यासारखं होतं. १९८६ मध्ये एमसीएफ-७वरच हे दाखवलंय. पुढे कळलं की खरा चोर रंगातली अशुद्धी. बिनरंगी मीडिया घे, आणि आधी दोन-तीन दिवस कोळशानं गाळलेल्या सीरमवर ठेव. नेहमीच्या सीरममध्येही स्टेरॉइड असतातच.

आणि रिपा कशाला? त्यातल्या एसडीएस या कडक डिटर्जंटनं असली नाजूक जोडी सुटते. एनपी-४०चा सौम्य बफर कर. सार्कचा एसएच-२ भाग ईआर-अल्फाच्या ५३७व्या टायरोसिनवरचं फॉस्फेट धरतो. ते फॉस्फेट पेशी फोडताना गेलं तर धरायचं कशाला? फॉस्फेट काढणारी एन्झाइम थांबवणारं व्हॅनाडेट घालतेस ना?

हेवी चेनचं सोपं आहे. फक्त लाइट चेन (अँटिबॉडीचा छोटा तुकडा) ओळखणारी सेकंडरी अँटिबॉडी वापर, लाइट चेन २५ला दिसेल, वाटेत येणार नाही. आयजीजीची लेन टाकलीस म्हणून वाचलीस, नाहीतर तो बँड थीसिसमध्ये गेला असता.

मी: बापरे! अजून एक. फुल्वेस्ट्रंट (ईआर-अल्फा बंद पाडणारं औषध) देऊन ईआरके विझलं तर ईआर-अल्फाचंच काम म्हणता येईल ना?

जुनी_पिपेट: विझलं तर बाजूनं पुरावा. पण विझलं नाही तर लगेच "ईआर-अल्फा नाही" म्हणू नकोस. फुल्वेस्ट्रंट जीपीईआर नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरला उलट चालू करतं. ४४७ला सिस्टीनऐवजी अ‍ॅलनिन घातलेला, म्हणून शेपटी न लागणारा म्यूटंट मिळाला तर तो जास्त बोलेल.

मी: फ्रीजमधलं व्हॅनाडेट पिवळं दिसतंय. चालेल?

जुनी_पिपेट: नाही. पीएच १०ला आण, रंग जाईपर्यंत उकळ, गार झाल्यावर पीएच पुन्हा बघ. पिवळं झालं तर परत उकळ.