आपला स्वभाव कुणाला जास्त कळतो: आपल्याला की लोकांना?

कोपरीकर (धागाकर्ता)
ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांत अप्रेझल आलं की ३६० डिग्री फीडबॅकचे फॉर्म फिरतात. साहेब, बरोबरीचे, हाताखालचे सगळे आपल्याला गुण देतात, आपणही स्वतःला देतो. तफावत निघाली की ऐकू येतं, "यांना मी कळलोच नाही." माझं मत उलट आहे. स्वभाव वागण्यातून दिसतो आणि आपलं वागणं समोरच्यालाच नीट दिसतं.

पडताळा घरीही घेता येतो. पंधरा विधानं लिहा, पण विशेषणं नकोत. 'मनमिळाऊ' याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो, 'समोरच्याचं बोलणं मध्येच तोडतो' याचा नाही. १ ते ५ गुण. स्वतःचे आधी भरून पाकीट बंद करा, नाहीतर लोकांचे आकडे बघून हात आपसूक वळतो. मग घरचे दोन, कामावरचे दोन, सोसायटीतला एक. सरासरीत आणि आपल्या आकड्यात २ चा फरक दिसला की तिथे आपली समजूत चुकतेय.

वाशी_सेक्टर१७
असहमत. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. धास्ती, आत्मसन्मान अशा आत घडणाऱ्या गोष्टी माणसाला स्वतःला जास्त कळतात. बुद्धी, कल्पकता यांचा अंदाज मित्रांचा बरा निघतो, कारण तिथे आपला अहंकार मध्ये येतो. बोलकेपणा दोघांनाही दिसतो. म्हणजे 'रात्री उद्याच्या कामाची काळजी लागते' हे शेजाऱ्याला विचारण्यात काही अर्थ नाही. पंधरा विधानं आधी या तीन गटांत वाटा, मग कुणाचं खरं धरायचं ते ठरवा.

पाचपाखाडी
सरासरीच मुळात घातक आहे. 'लगेच आवाज चढतो' हे विधान घ्या. घरचे ५, ५. ऑफिसातले १, १. सोसायटीतला ३. सरासरी ३, आणि स्वतःचेही ३ असले तर फरक शून्य! घरात माणसं दबून राहतायत आणि कागद म्हणतो सगळं ठीक. शिवाय पाचही जण आपणच निवडले तर गोडगोडच येणार.

कोपरीकर
मग घर, ऑफिस, सोसायटी असे आकडे गटवार ठेवा. माझा मुद्दा त्याने पक्काच होतो: त्या ३ मध्ये स्वतःलाही ते कळलं नव्हतं, घरच्यांना कळलं होतं.

बेलापूर_खाडी
कळून पुढे काय, हे कुणीच बोलत नाही. क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायांवरचे जुने प्रयोग एकत्र तपासले. एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट खालावलं होतं. त्यांच्या मते लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे वळलं की असं होतं. पंधरा आकडे एकदम हातात दिले की तेच होणार. आणि पाच माणसांत निनावी काय राहणार, अक्षर ओळखू येतं! त्यापेक्षा एकच विधान घ्या, आठवडाभर घरच्यांना रोज फक्त 'आज झालं की नाही' एवढं विचारा.

वाशी_सेक्टर१७
हे पटलं, पण वेळही लिहा. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून उभ्याने आलेला माणूस दारात पाऊल टाकताच जे बोलतो आणि जेवण झाल्यावर जे बोलतो, त्यांची नोंद एकाच खान्यात टाकली तर दमणूकच स्वभाव म्हणून मोजली जाईल.

पाचपाखाडी
ती दमणूक रोजची असेल तर घरच्यांच्या वाट्याला तोच स्वभाव येतो. वेळ जरूर लिहा, पण ती नोंद वगळू नका.